एक पूर्ण मिनिट : रुग्णपरिचर्येच्या प्राथमिक कौशल्यांचा सराव

रुग्णालयात खाटेच्या पायथ्याशी एक तक्ता अडकवलेला असतो. त्यावर दिवसातून अनेकदा चार आकडे लिहिले जातात : ताप, नाडी, श्वसन आणि रक्तदाब. सकाळी फेरीवर आलेले डॉक्टर आधी रुग्णाकडे पाहतात की आधी तक्त्याकडे, हा गमतीचा प्रश्न बाजूला ठेवू. पण औषध वाढवायचे की थांबवायचे, रुग्णाला घरी सोडायचे की अतिदक्षता विभागात हलवायचे, हे ठरवताना त्या आकड्यांचा आधार घेतला जातो यात शंका नाही. आणि हे आकडे लिहिणारा हात बहुधा डॉक्टरांचा नसतो. तो परिचारिकेचा असतो, किंवा आता बऱ्याच ठिकाणी तिच्या हाताखाली काम करणाऱ्या रुग्णसाहाय्यकाचा असतो.

अशा रुग्णसाहाय्यक विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिके मी गेली काही वर्षे घेत आलो आहे. कला आणि वाणिज्य शाखेचे विद्यार्थी आमच्या कौशल्य-कक्षाच्या दारातून डोकावतात. आत दोन खाटा, एक रबरी पुतळा, बादल्या आणि चादरी दिसतात. मग कोणीतरी विचारतोच, “सर, हात धुणे आणि चादर घालणे यांत सहा महिने शिकण्यासारखे काय आहे?” प्रश्न रास्त आहे. घरात कोणी आजारी पडले की हे सारे आपण करतोच. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला दिलेले, जरा लांबलेले, उत्तर होय.

चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रोगी. परिचारकाला तेथे बरोबरीचा, चौथाई वाटा मिळालेला आहे ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्याच्या अंगी चार गुण हवेत असेही तेथे म्हटले आहे : उपचारांचे ज्ञान, दाक्ष्य, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता. यांपैकी ज्ञान वर्गात देता येते. अनुराग शिकवता येतो की नाही, याविषयी मी साशंक आहे. शुचिता आणि दाक्ष्य मात्र निव्वळ सरावाने येतात, आणि कौशल्य-कक्ष असतो तो त्यासाठीच. आपल्याकडे या मंडळींच्या शिक्षणाकडे फार काळ कोणी गंभीरपणे पाहिले नाही. डॉक्टर आणि परिचारिका यांच्याखेरीज आरोग्यसेवेत राबणाऱ्या अनेक व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग नेमणारा कायदा संसदेने केला तो २०२१ साली. म्हणजे चरकाने दिलेल्या चौथाईची नोंद सरकारदरबारी व्हायला बराच अवधी लागला म्हणायचा!

आता मूळ मुद्द्याकडे येतो. माझ्या मते ही प्राथमिक कौशल्ये अवघड आहेत, ती हाताच्या कसबामुळे नव्हे. त्या प्रत्येकात थांबावे लागते म्हणून ती अवघड आहेत. वीस वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला रक्तदाबाचा पट्टा बांधायला एका दुपारी शिकवता येते. पट्टा बांधण्याआधी पाच मिनिटे काही न करता बसायला शिकवण्यात एक सत्र जाते.

हात धुण्यापासूनच सुरुवात करू. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या पद्धतीने साबण-पाण्याने हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात. अल्कोहोलचे द्रावण चोळायचे असेल तर २० ते ३० सेकंद. पहिल्या दिवशी मी विद्यार्थ्यांना न सांगता घड्याळ लावतो. बहुतेकांचे हात बारा-पंधरा सेकंदांत धुऊन होतात, आणि ते स्वच्छ धुतले आहेत अशी त्यांची खात्री असते. मग आम्ही एक प्रयोग करतो. पांढरे हातमोजे घालायचे, तळहातावर साबणाऐवजी चमचाभर गडद रंग घ्यायचा, डोळे मिटायचे आणि रोजच्यासारखे हात ‘धुवायचे’. डोळे उघडल्यावर जेथे रंग लागलेला नाही, ती जागा साबणालाही मुकते. अंगठा, बोटांची टोके आणि बोटांच्या बेचक्या हमखास पांढऱ्या राहतात. पुढे ज्या टोकांनी आपण जखमेची पट्टी उचलणार, नेमकी तीच! या प्रयोगानंतर मला व्याख्यान द्यावे लागत नाही. तरी सेमेलवाइसची हकीगत मी सांगतोच. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयातील एका प्रसूतिविभागात १८४७ च्या एप्रिल महिन्यात शंभरांतील अठरा बाळंतिणी दगावल्या होत्या. शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येणाऱ्यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुतलेच पाहिजेत, अशी सक्ती त्याने मे महिन्यात केली. जूनमध्ये ते प्रमाण शंभरांत दोनच्या आसपास आले. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. एका बादलीपाशी थांबण्याची सक्ती, एवढेच.

तापाविषयी फार लिहीत नाही. जर्मनीत वुंडरलिकने १८६८ साली शरीराच्या तापमानावरील आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्या काळात काखेतील तापमापक वीस-वीस मिनिटे धरून ठेवावा लागे. आजचा अंकीय तापमापक काम झाले की स्वतःच शिटी देतो. तेथे विद्यार्थ्याने एवढेच पाहायचे की काख कोरडी आहे, तापमापकाचे टोक कातडीला टेकले आहे आणि शिटी वाजेपर्यंत तो जागचा हललेला नाही.

नाडीची गोष्ट थोडी निराळी आहे. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तीन बोटे ठेवायची, अंगठा नव्हे. अंगठ्याचे स्वतःचे ठोके जाणवतात, आणि मग रुग्णाची म्हणून आपण आपलीच नाडी मोजत बसतो. जॉन फ्लॉयर नावाच्या इंग्रज वैद्याने १७०७ साली नाडीवर एक पुस्तक लिहिले. त्या काळच्या घड्याळांना सेकंदकाटा सहसा नसे. म्हणून त्याने नाडी मोजण्यासाठी एक खास घड्याळ करवून घेतले. ते घड्याळ बरोबर एक मिनिट चालून थांबत असे. या कल्पनेचे मला नेहमी कौतुक वाटते. वेळ सांगणे हे त्याचे कामच नव्हते. वैद्याला एक मिनिटभर जागेवर धरून ठेवणे हे त्याचे काम होते.

आमच्या विद्यार्थ्यांना नाडी पुरे मिनिट मोजायला फारसा त्रास होत नाही, कारण बोटाखाली काहीतरी उडत असते. खरी परीक्षा श्वसनाची. तेथे ना बोटाला काही लागते, ना कानाला काही ऐकू येते. फक्त पाहायचे असते, साठ सेकंद. आणि त्या साठ सेकंदांत आपण काहीच करत नाही आहोत असे स्वतःलाही वाटते आणि पाहणाऱ्यालाही वाटते.

एकदा मी प्रात्यक्षिकाच्या वह्या तपासत होतो. श्वसनाच्या स्तंभात एका वहीत ओळीने २०, २०, २०, २० असे आकडे होते. दुसऱ्या वहीत विविधता होती. तेथे १६, २०, २४, १६, २० असे होते. दुसरी वही पहिलीपेक्षा प्रामाणिक वाटते, आणि एका अर्थी ती आहेही. पण नीट पाहा. सारे आकडे चारने भाग जाणारे आहेत. म्हणजे या विद्यार्थ्याने पंधरा सेकंद मोजून चारने गुणले. अर्धे मिनिट मोजून दुप्पट केली असती तर सगळे आकडे सम आले असते. १७, १९, २३ असे आकडे अधूनमधून दिसू लागले की समजावे, कोणीतरी खरोखर पूर्ण मिनिट उभे राहिले होते. आपल्या वहीतील आकडे आपण कसे मोजले याची चहाडी करतात, हे विद्यार्थ्यांना दाखवून दिले की ते प्रथम हसतात आणि नंतर जरा गप्प होतात.

यावर कोणी म्हणेल, चारने गुणले म्हणून बिघडले कुठे? उत्तर गणिताचे आहे. पंधरा सेकंदांत एक श्वास इकडेतिकडे झाला, तर मिनिटाच्या हिशेबात चारांचा फरक पडतो. २० चे २४ होतात, किंवा २४ चे २०. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली रुग्णाची प्रकृती ढासळू लागल्याचे लवकर ओळखण्यासाठी एक गुणपद्धती तयार केली आणि २०१७ साली ती सुधारली. तीत श्वसन १२ ते २० असेल तर शून्य गुण, २१ ते २४ असेल तर दोन, आणि २५ किंवा अधिक असेल तर तीन. येथे गुण जितके जास्त तितकी चिंता जास्त. आपल्या परीक्षेच्या उलट. एकाच मोजणीत तीन गुण मिळाले, तरी डॉक्टरांनी तातडीने येऊन पाहावे असा त्यांचा दंडक आहे. म्हणजे साहाय्यकाच्या एका चुकलेल्या श्वासामुळे निर्धास्त रुग्ण चिंतेचा ठरतो. आणि त्याहून वाईट म्हणजे, चिंतेचा रुग्ण निर्धास्त ठरतो. लहान मुलांच्या बाबतीत हे अधिकच खरे. खोकला झालेल्या मुलाला न्यूमोनिया असावा का, हे ओळखण्यासाठी आरोग्यसेविकांना श्वास मोजायला शिकवतात. दोन महिन्यांच्या आतील बाळाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे ‘जलद’. बाळाचा श्वास एकसारखा नसतो. मध्येच भरभर, मध्येच संथ. म्हणून तेथे पूर्ण मिनिटाला पर्यायच नाही.

हा सराव आम्ही असा करतो. एक विद्यार्थी खाटेवर झोपतो. दुसरा त्याचे मनगट धरून नाडी मोजतो, आणि नाडी मोजून झाल्यावर मनगट न सोडता, काही न बोलता, नजर पोटाकडे वळवून श्वास मोजू लागतो. तिसरा विद्यार्थी खाटेच्या पायथ्याशी उभा राहून तेच साठ सेकंद स्वतंत्रपणे मोजतो. दोघे आपापला आकडा चिठ्ठीवर लिहितात, चिठ्ठ्या घडी करून माझ्याकडे देतात. नाडीच्या चिठ्ठ्या बहुधा जुळतात. श्वसनाच्या पहिल्या आठवड्यात क्वचितच जुळतात. मनगट न सोडण्याचे कारण उघड आहे. ‘आता मी तुमचा श्वास मोजतो’ असे सांगितले की कोणाचाही श्वास बदलतो. वाचकांनी हे वाक्य वाचताना स्वतःच्या श्वासाकडे लक्ष दिले असेल तर त्यांना पटेल. जाड पांघरूण असेल किंवा लुगड्याचा पदर पोटावर पसरला असेल तर श्वास दिसत नाही. अशा वेळी धरलेला हात अलगद रुग्णाच्याच छातीवर ठेवावा. मग छाती आपल्या हाताला कळते.

गेल्या एका तुकडीतील मुलीचा अनुभव येथे सांगितला पाहिजे. तिची नेमणूक एका रुग्णालयातील स्त्रियांच्या सर्वसाधारण कक्षात होती. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या एका वयस्क बाईंच्या तक्त्यावर रात्रभर श्वसन २० असे चार वेळा लिहिलेले होते. पहाटे तिने मोजले तेव्हा २८ आले. तिने पुन्हा मोजले, २७ आले. ती सिस्टरांकडे गेली. सिस्टर दमलेल्या होत्या, त्या म्हणाल्या, “बोटाचे यंत्र ९५ दाखवते आहे ना? मग?” हा युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. पण नाकाला ऑक्सिजनची नळी लावलेली असताना बोटावरचे यंत्र बराच वेळ चांगला आकडा दाखवत राहू शकते, आणि तोपर्यंत शरीर श्वासाचा वेग वाढवून झुंजत असते. मुलगी वाद घालू शकली नाही. तिने फक्त तक्त्यावर २८ लिहिले, त्याखाली वेळ लिहिली, आणि सिस्टरांना म्हणाली, “तुम्ही एकदा माझ्यासमोर मोजा.” सिस्टरांनी मोजले, हे त्यांचे मोठेपण. डॉक्टरांना बोलावण्यात आले आणि बाईंना त्याच सकाळी अतिदक्षता विभागात हलवण्यात आले. त्या पुढे बऱ्या होऊन घरी गेल्या. रात्रीचे चार ‘२०’ खरे होते की नव्हते, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. न मोजता लिहिलेल्या आकड्याचा मोठा दोष हाच, की तो मोजून लिहिलेल्या आकड्यासारखाच दिसतो.

रक्तदाबाकडे वळण्यापूर्वी सांगतो की येथेही तक्ता चहाडी करतो. हवेच्या दाबावर चालणाऱ्या तबकडीच्या यंत्रावर रेघा दोन-दोन मिलिमीटरच्या अंतराने असतात. म्हणजे वाचलेला आकडा सम असला पाहिजे, आणि ०, २, ४, ६, ८ हे शेवटचे अंक सारख्याच वेळा यायला हवेत. ज्या तक्त्यावर १२०/८०, १३०/९०, ११०/७० असेच दाब आहेत, तेथे कानाने काम केलेले नाही. आणि १२५/८५ असा दाब कोणी तबकडीवरून वाचला म्हणाला, तर त्याला विचारावे की बाबा, ती रेघ तुला दिसली कुठे?

रिव्हा-रोची या इटालियन डॉक्टराने १८९६ साली दंडाला बांधायचा पट्टा आणला, आणि रशियातील कोरोत्कोव्हने १९०५ साली कोपराच्या खोबणीत स्टेथोस्कोप ठेवून ऐकू येणाऱ्या आवाजांचे वर्णन केले. आजही आपण तेच करतो. पद्धत पाठ असते सर्वांना, गळते ती थांबण्याची पायरी. रुग्ण जिना चढून आला असेल तर त्याला पाच मिनिटे बसू द्यावे. पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, पायावर पाय नाही, दंड हृदयाच्या पातळीवर टेकवलेला. हात लोंबकळत ठेवला तर हृदयाच्या पातळीपासून दहा सेंटिमीटरांच्या फरकाने दाब सात-आठ मिलिमीटरांनी जास्त दिसतो. जाडजूड दंडाला लहान पट्टा बांधला तरी दाब खोटाच वाढतो. आधी मनगटाची नाडी धरून पट्टा फुगवायचा, नाडी नाहीशी होते तो आकडा लक्षात ठेवायचा, आणि ऐकण्यासाठी फुगवताना त्याच्या ३० मिलिमीटर वर जायचे. कारण काही रुग्णांत आवाज मध्येच लोपतात आणि खाली पुन्हा सुरू होतात. ही पायरी गाळणाऱ्याला वरचा दाब कमीच सापडतो. मग हवा सोडायची, सेकंदाला दोन ते तीन मिलिमीटर. हे फार सावकाश वाटते. विद्यार्थ्यांचा अंगठा स्क्रूवर शिवशिवत असतो.

आणि या सर्व वेळात बोलायचे नाही. ही अट आमच्या भागात सर्वांत कठीण! पट्टा फुगवता फुगवता “आजी, जेवलात का? गाव कुठलं तुमचं?” असे विचारणे हा आपला जिव्हाळा झाला, पण बोलण्याने दाब वाढतो. जिव्हाळा आधीच्या पाच मिनिटांत दाखवावा. ती पाच मिनिटे त्यासाठी उत्तम आहेत.

बोलण्याचा विषय निघालाच आहे तर आमच्या सीमाभागाची एक खास अडचण मांडतो. बेळगावच्या रुग्णालयांत खानापूर आणि चंदगडकडचे मराठी रुग्ण येतात, तसे गोकाक-हुक्केरीकडचे कन्नड रुग्ण येतात. एका मराठी विद्यार्थ्याने एका आजोबांना मराठीतच विचारले, “अज्जा, बरं वाटतंय का?” आजोबा पुटपुटले, “आरामिल्ल.” विद्यार्थ्याने त्यातला ‘आराम’ तेवढा ऐकला आणि वहीत लिहिले, ‘रुग्णास आराम आहे’. आता ‘आरामिल्ल’ म्हणजे ‘बरे नाही’ हे आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांना सांगायला नको. तेव्हापासून आमच्याकडे खाटेवरच्या जोड्या लावताना एक मराठी आणि एक कन्नड विद्यार्थी अशीच जोडी लावतो, आणि ‘रुग्ण’ झालेल्याने आपल्याच भाषेत कण्हायचे असा नियम आहे. ‘एल्लि नोवु?’ म्हणजे कुठे दुखते, ‘माताडबेडी’ म्हणजे बोलू नका, ‘उसिरु’ म्हणजे श्वास, एवढे तरी मराठी मुलांना यावे. आणि ‘कळ येते’, ‘चमक निघते’, ‘ठणकते’, ‘हुळहुळते’ यांतला फरक कन्नड मुलांना कळावा. दुखण्याला मराठीत इतके शब्द आहेत हे मलाही त्यांना समजावून देतानाच जाणवले.

नाव विचारण्याचीही एक रीत आहे. “तुम्ही पाटीलमामा ना?” असे विचारू नये. कमी ऐकू येणारा किंवा ग्लानीत असलेला मनुष्य कशालाही मान डोलावतो, आणि आपल्याकडे एका कक्षात तीन पाटील असणे ही नवलाची गोष्ट नव्हे. त्यांतला एक मराठी, एक कन्नड आणि तिसरा दोन्ही! “मामा, तुमचं पूर्ण नाव सांगा” किंवा “निम्म हेसरु एनु?” असे विचारावे, उत्तराची वाट पाहावी, आणि ते तक्त्याशी व मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहावे. ‘सात नंबर’ हे खाटेचे नाव आहे, माणसाचे नव्हे.

चादर घालण्याविषयी सुरुवातीच्या प्रश्नकर्त्याला उत्तर द्यायचे राहिले आहे. मी त्याला खाटेवर झोपायला सांगतो. खाली मुद्दाम एक सुरकुती आणि एक पावाचा कण ठेवलेला असतो. अट एकच : अर्धा तास अजिबात हलायचे नाही. दहा मिनिटांत माकडहाडापाशी रग लागते, वीस मिनिटांत टाचा जाणवू लागतात. निरोगी माणूस अशा वेळी नकळत कूस बदलतो. अर्धांगाचा रुग्ण ती बदलू शकत नाही, आणि बधिर अंगाला रगही कळत नाही. हाडाच्या उंचवट्यावर दबलेल्या कातडीला रक्त पोचत नाही. आधी लाली येते, मग जखम होते, आणि ती जखम हाडापर्यंत जाऊ शकते. म्हणूनच साधारणतः दर दोन तासांनी कूस बदलायची, ओढायचे नाही, उचलायचे. ओढल्याने कातडी सोलवटते. दिवसातून बारा वेळा. बोटाने दाबल्यावर जी लाली फिकी पडत नाही, ती सिस्टरांना लगेच दाखवायची.

झोपून राहिलेल्या रुग्णाला उठवतानाही हीच घाई नडते. त्याला आधी खाटेच्या कडेला पाय सोडून बसवायचे, एक-दोन मिनिटे तसेच ठेवायचे, चेहऱ्याकडे पाहायचे, “चक्कर येते का?” असे विचारायचे. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा दाब २० ने किंवा खालचा १० ने घसरला तर त्याची नोंद करून कळवायचे. घाई करणारा साहाय्यक रुग्णाला उभे करतो आणि पुढच्या क्षणी दोघेही जमिनीवर असतात.

येथवर वाचून एखादा अनुभवी वाचक म्हणेल की हे सारे कौशल्य-कक्षात ठीक आहे, प्रत्यक्ष कक्षात कोण थांबते? माझे एक सहकारी, ज्यांनी आयुष्य रुग्णालयात घालवले आहे, हाच आक्षेप घेतात आणि तो मला सहज झटकता येत नाही. चाळीस रुग्णांचा कक्ष धरा. प्रत्येकाच्या श्वासाला एक मिनिट, नाडीला एक मिनिट, रक्तदाबाला विश्रांती सोडून दोन-तीन मिनिटे, दोन रुग्णांमध्ये हात स्वच्छ करायला अर्धे मिनिट. म्हणजे एका फेरीला तीन ते साडेतीन तास, आणि फेरी तर दर चार तासांनी. एका माणसाचे हे काम नाही. ज्यांनी २० लिहून टाकले, त्यांना आळशी म्हणणे सोपे आहे. पुष्कळदा ते दमलेले आणि एकटे असतात.

आमचा मतभेद पुढे आहे. सहकारी म्हणतात, रकाना रिकामा ठेवला तर विद्यार्थ्याला बोलणी बसतात, म्हणून अंदाजाने का होईना भरावा. मी विद्यार्थ्यांना सांगतो की मोजले नसेल तर ‘मोजले नाही’ असे लिहा. रिकामा रकाना पाहून कोणीतरी मोजायला येईल. २० पाहून कोणीही येणार नाही. आणि वेळ कमी असेल तर निवड करा : कालच शस्त्रक्रिया झालेला, दम लागलेला, आज गप्प झालेला, यांच्यापाशी पूर्ण मिनिट उभे राहा. बोलणी बसतील. ती काही विद्यार्थ्यांना बसलीही आहेत, आणि त्यावर माझ्याकडे दुसरे उत्तर नाही. कक्षात माणसे वाढवणे हे ना विद्यार्थ्याच्या हाती आहे ना माझ्या.

ज्या इतर शाखांच्या विद्यार्थ्यांना हे प्रत्यक्ष पाहायचे असेल, त्यांनी शनिवारी दुपारी कौशल्य-कक्षात अवश्य यावे. घरात वृद्ध माणसे आहेत त्यांना विशेष आग्रह आहे. येताना सेकंदकाटा असलेले साधे घड्याळ आणावे आणि ते मनगटावर न बांधता खिशाला अडकवावे, म्हणजे हात कोपरापर्यंत धुता येतील. मोबाईल बाहेरच्या टेबलावर ठेवावा लागेल. आम्हांला ‘रुग्ण’ नेहमीच कमी पडतात. अर्धा तास न हलता झोपायची ज्यांची तयारी आहे, त्यांचे प्रथम स्वागत होईल.